दगडगोट्यांची माती, मुक्काम चामराजपेट

नव्वदच्या दशकात मी बंगळुरात राहून सरकारी पगारावर खड्डे खणायचे. हे मी लाजून सांगत नाही आणि मिरवतही नाही. कामच ते होतं. राज्यातल्या मातीची पाहणी करणाऱ्या एका कार्यालयात मी होते. एखाद्या ठिकाणी जायचं, माणूसभर खोल खड्डा खणून घ्यायचा, त्यात उतरायचं, भिंतीवर दिसणारे मातीचे थर बघायचे, चिमटीत चोळायचे, ओले करून वळायचे, त्यांना नावं द्यायची आणि खड्डा बुजवून परत यायचं. बुजवणं महत्त्वाचं. नाहीतर गावातली म्हैस त्यात पडते आणि पुढचं सगळं संशोधन म्हशीच्या मालकाबरोबर करावं लागतं.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काम चारचौघांत सांगण्यासारखं वाटायचं नाही. आमचं घराणं बंगळुरात कधी आलं ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. कुठल्याशा मराठी फौजेबरोबर तंबू शिवायला आलो, फौज निघून गेली, पण इथली गिऱ्हाइकं सोडून जाण्यासारखी नव्हती म्हणून राहिलो, असं अण्णा सांगायचे. तेव्हापासून सुई, दोरा, कापड. चिकपेटेतल्या एका बोळात आमचं अस्तर, कॅनव्हास, रिळं आणि बटणं विकायचं दुकान होतं. मी शेतकी कॉलेजात गेले तेव्हा अण्णा एक अख्खा उन्हाळा माझ्याशी बोलले नाहीत. पुढे मी मातीच्या नोकरीला लागले तेव्हा त्यांनी समाजात परस्पर सांगून टाकलं की मुलगी बँकेत आहे. लग्नकार्यात लोक मला गाठून मुदत ठेवीचे दर विचारायचे. मी सांगायचेही. बहुतेक वेळा बरोबर निघायचे.

आमचे साहेब पुण्याहून बदलून आले होते. हुशार माणूस, कामाला वाघ, फक्त मराठीच्या बाबतीत नाजूक. आमची बंगळुरी मराठी त्यांना एखाद्या आजारासारखी वाटायची. मी "जरा"ऐवजी कानडी वळणाने "स्वल्प थांबा, सर" म्हणाले की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा.

"स्वल्प हा विराम असतो, मॅडम," ते म्हणायचे. "थांबण्याचं माप नव्हे."

तर या साहेबांच्या मनात आलं की कार्यालयातल्या एका रिकाम्या दालनात राज्यभरच्या मातीचे उभे काप भिंतीवर लावायचे. म्हणजे कसं, की खड्ड्याच्या भिंतीत एक उंच, अरुंद पोलादी चौकट ठोकून बसवायची, मागून माती कापून ती सोडवायची, गोंद पाजून घट्ट करायची आणि जशीच्या तशी आणून टांगायची. बघणाऱ्याला खड्ड्यात न उतरता खड्डा दिसतो. दालनाच्या उद्घाटनाला दिल्लीहून फार मोठे पाहुणे येणार होते.

कामाची वाटणी झाली. लाल माती एकाने घेतली, काळी दुसऱ्याने. दोन्ही गुणी माती. सुरी लावली की खरवसासारख्या कापल्या जातात. मी त्या दिवशी रजेवर होते, त्यामुळे जे उरलं ते माझ्या वाट्याला आलं: घाटातल्या ओढ्याकाठची जंगलातली माती.

ही माती काय चीज आहे ते सांगते. डोंगरातला ओढा पुरात दगड वाहून आणतो, घासून गुळगुळीत करतो आणि आपल्या पात्रात अंथरतो. मग पुढे कधीतरी, हजारो वर्षांत, तोच ओढा आणखी खाली कापत जातो आणि त्याचं जुनं पात्र काठावर पायरीसारखं वर राहतं. त्या पायरीवर जंगल चढतं. वरती पालापाचोळा. त्याखाली काळी, भुसभुशीत, ओल्या चहापत्तीसारखी माती. आणि तिच्याखाली जे काही आहे त्यात मातीपेक्षा दगड जास्त. लिंबाएवढे, नारळाएवढे, काही तर पपईएवढे, आणि त्यांच्या फटींत तपकिरी पोयटा कोंबून बसवलेला. पाणी त्यातून चाळणीतून जावं तसं जातं. झाडांची मुळं गोट्यांना कवटाळून बसलेली. अशा मातीत चौकट ठोकत नाहीत, कपाळ ठोकतात.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सोपं असतं तर शिपायाला पाठवलं नसतं का?" ते म्हणाले.

घरी वेगळंच संकट होतं. अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुकान माझ्या भावाने ताब्यात घेतलं होतं आणि अण्णा दिवसभर घरी होते. त्यांनी आईच्या स्वयंपाकघरातले डबे रिळांसारखे रंगांच्या क्रमाने लावले. मोहरी आणि तीळ त्यांच्या मते वेगवेगळ्या घराण्यातले असल्याने दोन टोकांना गेले. आईने तीन वेळा डबे परत लावले, मग मला बाजूला घेतलं.

"तू जंगलात चाललीस ना? ह्यांना घेऊन जा. मला स्वल्प जगू दे."

"आई, सरकारी जीप आहे ती."

"मग सरकारलाही कळू दे," आई म्हणाली.

अण्णा एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. माझी अडचण त्यांच्या कानावर आली होती आणि त्यावर उपायही शोधून ठेवला होता. निघताना ते काखेत मांजरपाटाचा भला मोठा तागा घेऊन जीपमध्ये बसले. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघितलं. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका शेडमधून बनवून घेतलेली चौकट मागे आडवी टाकलेली होती, ती इतकी जड होती की नेलमंगलापर्यंत जीप नाक वर करून धावली.

चिकमगळूरच्या पलीकडे घाटात एका ओढ्यावर मी आधीच जागा हेरली होती. पावसाळा सरत आला होता, पण जंगलाला ते कुणी सांगितलं नव्हतं. झाडांवरून थेंब पडतच होते आणि जळवा आम्हाला भेटायला उभ्याच होत्या. ड्रायव्हर मिठाची पुडी मांडीवर ठेवून जीपच्या काचा लावून बसला आणि मुक्काम संपेपर्यंत त्याने ती जागा फारशी सोडली नाही. जवळच्या वाडीतली दोन माणसं खणायला घेतली होती. पहार घातली की खण्णकन दगड. टिकाव घातला की ठिणगी. एका गोट्यामागून दुसरा ओढून काढत दुपारपर्यंत एक बाजू सरळ झाली. वरची काळी माती खांद्यापासून कमरेपर्यंत, मग दगडच दगड, खाली खाली रंग पिवळसर होत गेलेला. तळाशी काही गोटे इतके सडलेले होते की चाकूने भाकरीसारखे कापले जात. बाहेरून दगड, आतून पिवळं पीठ.

चौकट लावली. दोघांनी ठोकली. एक पपईएवढा गोटा वाटेत आला, चौकटीने त्याला ढकललं, त्याने शेजाऱ्याला ढकललं आणि जी सरळ बाजू करायला अर्धा दिवस लागला होता ती सगळी आमच्या पायाशी येऊन बसली.

"आता माझं बघ," अण्णा म्हणाले.

त्यांची योजना अशी होती की भिंतीला गोंद लावायचा, त्यावर मांजरपाट चिकटवायचा, वाळू द्यायचा आणि मातीसकट सोलून काढायचा. कोटाच्या आत कॅनव्हास बसवतात तसं. खरं सांगायचं तर पुस्तकांतही जवळपास अशीच एक रीत दिली आहे, त्यामुळे मला नाही म्हणता येईना. आम्ही बाजू पुन्हा सरळ केली. अण्णा काळा चष्मा लावून खड्ड्याच्या काठावर बसले आणि मांजरपाट खाली सोडत राहिले. कापड छान बसलं. मात्र पांढरा गोंद वाळायला हवा कोरडी लागते आणि त्या जंगलात रुमालसुद्धा वाळत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी गोंद होता तसाच होता, फक्त त्यात काही जळवा अडकून मेल्या होत्या. अण्णांनी तरी कापड ओढलं. वरचा पालापाचोळा, थोडी काळी माती आणि त्या जळवा असा ऐवज निघून आला. गोटे जिथल्या तिथे.

अण्णांनी कापड उलटंसुलटं करून बघितलं. मला वाटलं आता गोंदाला, हवेला किंवा मला दोष देतील.

"तुझ्या मातीला बंगळूरला यायचं नाही, पुट्टी," ते म्हणाले. मी तिशी ओलांडली होती तरी त्यांच्या लेखी मी पुट्टीच, म्हणजे छकुली, होते.

मग ते एकदम खड्ड्यात उतरायला लागले. वाडीतल्या माणसांनी हात दिला. अण्णांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला आणि भिंतीला नाक लावलं. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी माझ्या कामाच्या ठिकाणी बघितलंच नव्हतं.

"हे सगळे दगड एकाच बाजूला का कलले आहेत?" त्यांनी विचारलं. "तागे लावल्यासारखे."

"ओढ्याने लावलेत. चपटे दगड पाण्याच्या जोराने एकमेकांवर रेलतात. ज्या बाजूला खाली झुकलेत, तिकडून पाणी येत होतं."

अण्णांनी वळून खालच्या ओढ्याकडे पाहिलं. तो आमच्या पायाखाली बराच खोल वाहत होता.

"म्हणजे तो तेव्हा इथून जायचा?"

"हो. आपण त्याच्या जुन्या तळात उभे आहोत."

"आणि हे पांढरं?"

"मूळ आहे, अण्णा. गोट्यांच्या फटींत जेवढी माती असते तेवढ्यावरच झाड जगतं. म्हणून मुळं अशी दगडाला लपेटून असतात."

त्यांनी एका सडलेल्या गोट्यात नख खुपसलं, आत गेलेलं बघून हात झटकन मागे घेतला, मग परत खुपसलं. असे प्रश्न ते विचारत गेले आणि मी सांगत गेले. वाडीतली माणसं विडी ओढत बसली. शेवटी अण्णा म्हणाले, "मग तू हेच करतेस होय?"

"हेच."

"बरं आहे," ते म्हणाले आणि वर चढायला हात पुढे केला.

एवढंच झालं.

त्या दुपारी मी ठरवलं की काप निघत नसेल तर माती उसवून न्यायची आणि घरी परत जोडायची. प्रत्येक थराची माती वेगळ्या पोत्यात भरायची, भिंतीत दिसणारा प्रत्येक गोटा आकडा घालून काढायचा. ही कल्पना अण्णांना फारच आवडली. शिंप्याचा खडू त्यांच्या खिशात कायम असायचा. मी भिंतीतला गोटा दाखवायचे, ते त्यावर आकडा घालायचे, वरची बाजू कळावी म्हणून बाण काढायचे आणि मग आम्ही तो उपटायचो. त्याआधी भिंतीचा फोटो हवा म्हणून ड्रायव्हरला मोठ्या मिनतवारीने जीपमधून बाहेर काढलं. त्याने एका हातात मीठ आणि दुसऱ्या हातात कार्यालयाचा कॅमेरा धरून फोटो काढला आणि पळत परत गेला.

उतरताना घाटाच्या नाक्यावर जंगलखात्याच्या गार्डने जीप अडवली. ते दिवस चंदनचोरीचे होते. जंगलातून पोती येताहेत म्हटल्यावर तो खूष झाला. सगळी बोलाचाली कानडीत झाली.

"पोत्यांत काय?"

"दगड," मी म्हणाले.

"कुठे नेताय?"

"बंगळूरला."

"का, तिथे संपले?"

मी ओळखपत्र दाखवलं, परवानगीचा कागद दाखवला. ते सगळं त्याला खोटं वाटलं नाही, पण दगडांवर त्याचा विश्वास बसेना. त्याने मातीच्या पोत्यांत हात घालून बघितलं आणि गोट्यांची सगळी पोती रस्त्यावर रिकामी करवली. मग उकिडवा बसून एकेक गोटा नाकाला लावून हुंगायला लागला. तेवढ्यात पाऊस आला. तो छपराखाली गेला. गोटे रस्त्यावर राहिले. खडूचे आकडे आणि बाण पांढऱ्या ओघळांनी गटारात निघून गेले.

अण्णा जीपमधून उतरले. पावसात उभं राहून त्यांनी गार्डला सांगितलं, "जसे काढलेस तसे भर."

"भरतो की, यजमानरे, भरतो मालक," तो म्हणाला. "दगड ते दगड. कसेही भरले तरी दगडच."

अण्णांनी चार पिढ्यांच्या दुकानदारीत शिकलेलं सगळं कानडी त्याला ऐकवलं. त्यातलं काही इथे लिहिता येणार नाही, आणि जे लिहिता येईल त्यात मजा नाही. गार्ड वरमला आणि स्वतःच्या हातांनी पोती भरू लागला. इतका मन लावून, की रस्त्याच्या कडेची खडीसुद्धा त्याने आमच्याच पोत्यांत घातली.

चामराजपेटेतल्या घरी मागच्या अंगणात आम्ही गोटे ओतले, तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. आईने वळचणीखालून एक नजर टाकली.

"दगड आणलेत," ती म्हणाली. "घाटातून. बरं."

तिने पुढे काहीच विचारलं नाही, कारण अण्णांना काम मिळालंय हे तिने लगेच ओळखलं होतं.

मी काही दिवस नुसती गोटे चाळत राहिले. हळूहळू लक्षात आलं की सगळंच गेलेलं नाही. वरच्या थरातल्या गोट्यांवर कुजलेल्या पाल्याचा काळपट थर चढलेला होता, मधले तपकिरी, खालचे पिवळट आणि मऊ पडलेले. शिवाय पुष्कळ गोट्यांच्या डोक्यावर बारीक गाळाची टोपी होती. पाणी वरून झिरपताना गाळ वरच्याच बाजूला साचतो. म्हणजे थर कळत होता आणि वर-खाली कळत होतं. राहिला प्रश्न शेजाऱ्यांचा. त्यासाठी फोटो धुऊन आणला. फोटो उत्तम आला होता, फक्त त्याच्या खालच्या कोपऱ्यात भिंतीऐवजी अण्णांची पाठ होती.

"तुम्ही तिथे कशाला उभे राहिलात?"

"मला काय ठाऊक तो फोटो काढतोय. मी माती बघत होतो."

आम्ही कामाला लागलो. संध्याकाळी मी कार्यालयातून आले की अंगणात बसायचे, पण अण्णा सकाळपासून बसलेले असायचे. ती पोलादी चौकट आडवी टाकून तिच्या तळाशी फळी बसवली. चिकपेटेतून दोन डब्यांतला एकत्र कालवायचा तो जहाल गोंद आणला. एकेक गोटा फिरवून, फोटोशी ताडून, शेजाऱ्याला लावून बघायचा. बसला नाही की उचलून दुसरा. अण्णा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं विसरले. मीही थोडी विसरले, कारण ते दगड लावताना गुणगुणायचे आणि मी हे बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

मध्येच एक धार्मिक अडचण उद्भवली. एक उभट, काळाभोर, अगदी गुळगुळीत गोटा तुळशीजवळ ठेवला होता. शेजारच्या अक्कांनी एके सकाळी त्याला हळद-कुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी जास्वंद. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या बहिणीला दर्शनाला आणलं. बंगळुरात गुळगुळीत दगड चार दिवस एका जागी राहिला की त्याला नोकरी लागते. नेमका तोच गोटा आम्हाला मधल्या थरात हवा होता.

"मागून घेऊ या का?" मी विचारलं.

"देव कुणी मागून घेतं का," अण्णा म्हणाले. अक्का बाजारात गेल्या तेव्हा त्यांनी तो उचलला आणि त्याच जागी त्याच अंगलटीचा दुसरा, आमच्या उपयोगाचा नसलेला, गोटा ठेवून त्यावर जास्वंद सरळ केली. अक्कांच्या भक्तीत काडीचाही फरक पडला नाही. आमच्या गोट्यावरचं कुंकू मात्र घासूनही पूर्ण निघेना.

त्याच सुमारास आईकडचे एक दूरचे मामा लग्नाची पत्रिका द्यायला आले. बैठकीच्या खोलीत आम्ही वरच्या थराची माती वाळत घातली होती, तिच्या कडेकडेने पाय टाकत ते कसेबसे खुर्चीवर पोचले.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"पोरीचं ऑफिसचं काम," अण्णा म्हणाले.

"बँकेत माती?"

अण्णांनी पत्रिका उघडली, मुहूर्त बघितला, परत बंद केली.

"बँक सोडली तिने," ते म्हणाले.

"सरकारी बँक सोडली? कधी?"

"आज सकाळी."

मामांनी माझ्याकडे फार वाईट वाटून बघितलं. ज्या नोकरीला मी कधी लागले नव्हते तिचा अण्णांनी असा माझ्या वतीने राजीनामा देऊन टाकला. त्यानंतर समाजात मला कुणी व्याजाचे दर विचारले नाहीत. काहींनी विहीर कुठे खणावी ते विचारलं, तेही मला येत नव्हतं.

काम संपत आलं तेव्हा साहेब बघायला घरी आले. रविवार होता. काप अंगणात भिंतीला टेकवून उभा केला होता. साहेब लांबून बघत राहिले, मग जवळ आले, मग चष्मा बदलला.

"उत्तम दिसतोय," ते म्हणाले. "पण मॅडम, हा काप नाही. ही प्रतिकृती आहे. तुम्ही माती विस्कटलीत आणि परत रचलीत. शास्त्रात याला बनावट म्हणतात."

मी उत्तर देणार इतक्यात अण्णा पुढे झाले. त्यांनी साहेबांच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळली. हे ते कुणाच्याही बाबतीत करायचे, सवयीने.

"चांगलं सुती आहे," ते म्हणाले. "कुठे घेतलं?"

"लक्ष्मी रोडला," साहेब म्हणाले.

"हे कापड कुणीतरी कापलं असेल ना? पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळी?"

"अर्थात."

"मग जोडलं. म्हणून शर्ट बनावट झाला का? की तुम्हाला वाटतं कापसाच्या झाडाला बाह्या येतात?"

साहेब आपल्या बाहीची शिवण बघू लागले. मी त्या संधीत म्हणाले, "सर, खाली पाटी लावू या. सुटा करून पुन्हा जुळवलेला नमुना, असं स्पष्ट लिहू या. लपवायचं काहीच नाही."

साहेबांनी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आणि इथलं कशावरून लावलंत? फोटोत तर दिसत नाही."

"तिथे मी होतो," अण्णा म्हणाले. "तेवढं अंदाजाने."

"तेही पाटीवर लिहा," साहेब म्हणाले. आईने तोवर गोज्जवलक्की आणली होती, म्हणजे चिंचगुळाचे झणझणीत पोहे. साहेबांनी ते "हे पोहे नव्हेत" असं म्हणत दोनदा घेतले.

उद्घाटनाच्या दिवशी अण्णा कोट घालून आले आणि मागच्या रांगेत बसले. दिल्लीचे पाहुणे लाल मातीपुढून गेले, काळीपुढून गेले आणि आमच्यापुढे थांबले. बाकी सगळ्या भिंती सपाट होत्या, आमच्या भिंतीतून दगड अंगावर येत होते, म्हणून थांबले असावेत. त्यांनी पाटी वाचली. मग मधल्या थरातल्या एका काळ्या गोट्यावरच्या तांबड्या डागावर बोट ठेवून इंग्रजीत विचारलं, हे काय?

साहेब पुढे सरसावले. या थरात पाण्याची पातळी वरखाली होत असल्यामुळे लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन असे डाग पडतात, असं त्यांनी समजावलं. बरंच खोलात जाऊन समजावलं. पाहुण्यांनी मान डोलावली आणि आपल्या सोबतच्या अधिकाऱ्याला म्हणाले, की अशी बारकाईने केलेली मांडणी हल्ली दिसत नाही. मागून अण्णांचा खोकला ऐकू आला. मी वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी खरोखर गेली असती.

नंतर जाताना साहेब मला म्हणाले, "तुमचे वडील फार तऱ्हेवाईक आहेत."

"हो सर."

"पुढच्या दौऱ्यावर आणणार का त्यांना?"

"विचारते."

अण्णा त्यानंतर दोन-तीनदा माझ्याबरोबर आलेही. एकदा उत्तरेकडच्या काळ्या मातीत आले आणि पार नाराज झाले. वरपासून खालपर्यंत एकच कापड, यात बघायचं काय, असं म्हणून ते जीपमध्ये जाऊन झोपले. पुढे त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, नजर स्वच्छ झाली आणि ते भावाला न विचारता परत दुकानात जाऊन बसायला लागले. भाऊ माझ्याकडे तक्रार घेऊन आला की यांना कुठेतरी घेऊन जा. मी म्हटलं, आता तुझी पाळी.

दशक संपता संपता कार्यालयात संगणक आले. त्यांना थंड, बंद खोली लागायची आणि तशी खोली एकच होती. मातीचे काप काढून गोदामात न्यायचं ठरलं. काळ्या मातीला तोवर भेगा पडल्या होत्या, ती उतरवताना फुटली. लाल माती सुखरूप गेली. आमची मात्र हमालांना जागची हलेना. पोलाद, फळी, गोंद आणि ओढ्याचे गोटे मिळून जे काही झालं होतं ते भिंतीनेच धरून ठेवलं होतं. ओढलं तर भिंतीचा गिलावा यायला लागला. कंत्राटदाराने दोन दिवस खटपट केली आणि सांगितलं की याला राहू द्या, याच्यापुढे टेबल लावू.

त्या टेबलावर नागपूरहून नुकताच आलेला एक मुलगा बसू लागला. नम्र होता, मोटारसायकलने यायचा. काही आठवड्यांनी मी कामासाठी त्या खोलीत गेले, तर एका पुढे आलेल्या गोट्याला त्याने हेल्मेट अडकवलेलं.

"मॅडम, हे डेकोरेशन आहे का?" त्याने विचारलं. "अ‍ॅक्च्युअली मस्त आहे, पण थोडं जागा खातं."

मी त्याला सांगितलं हे काय आहे, कुठून आलं, ओढा कसा खाली गेला आणि हे वर कसं राहिलं. त्याने खुर्ची फिरवली आणि नीट ऐकलं. उठून त्याने काळ्या थराला बोट लावलं, मग खालच्या पिवळ्या गोट्याला. हेल्मेट काढावं की नाही हे त्याला कळेना.

"असू दे," मी म्हणाले.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. आई हसली. अण्णांनी भात कालवता कालवता विचारलं, "हेल्मेट केवढं जड असतं?"

"फार नाही."

"मग लटकवू दे," ते म्हणाले आणि ताकाचं भांडं पुढे ओढलं.